शून्याचं कारण

खंदारे बाईंबरोबर मी अकरा वर्षं नोकरी केली आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी मला पूर्ण मार्क एकदाही दिले नाहीत. मी काही त्यांचा विद्यार्थी नव्हतो. पूर्णेच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. पण बाईंच्या हिशेबी समोर आलेला प्रत्येक माणूस हातात उत्तरपत्रिका घेऊनच आलेला असायचा. मी रुजू झालो त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये सहज म्हणालो, "घड्याळ मागं पडलंय." बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कामून?"

कामून म्हणजे का. आमच्या परभणीकडं लेकरू बोलायला लागलं की आई-बानंतर हाच शब्द शिकतं आणि मोठं होता होता विसरतं. बाई विसरल्या नव्हत्या.

"सेल उतरला असंल," मी म्हणालो.

"असंल म्हंजे अंदाज. अंदाजाला मार्क न्हाईत, देवकते. उघडून बघा."

नवी नोकरी, काय करता! स्टुलावर चढून घड्याळ काढलं. सेल ठणठणीत होता. मागच्या खोबणीत पालीनं दोन अंडी घातली होती आणि त्यांनी यंत्र दाबलं जात होतं. मी खाली उतरून अंडी दाखवली, तेव्हा बाई पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसल्या. आता बाई पूर्णेत नाहीत, नांदेडला लेकीकडं असतात. ते घड्याळ अजून स्टाफरूममध्येच आहे.

त्यांच्या वर्गात फळ्याच्या मधोमध उभी रेघ असायची. डावीकडं उत्तर, उजवीकडं कारण. नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला अर्धे मार्क. पालक भांडायला यायचे, की बाई, उत्तर तर बरोबर आहे. बाई म्हणायच्या, "बरोबर हाय, पण त्याचं न्हाई. त्याचं असतं तर त्याला कारण ठावं असतं." भांडायला आलेला माणूस डोकं खाजवत परत जायचा.

एकदा शाळा तपासायला विस्तार अधिकारी आले. सहावीत अपूर्णांकांचा भागाकार चालला होता. साहेबांना हुरूप आला. त्यांनी खडू घेतला, दुसरा अपूर्णांक उलटा केला, गुणाकार केला, उत्तर काढलं आणि हात झटकले. मागच्या बाकावरून बाईंचा आवाज आला, "साहेब, उलटा कामून केला?"

"नियम आहे ना बाई तो."

"नियम म्हंजे कारण न्हवं, साहेब. नियम कामून हाय ते सांगा पोरायला."

साहेबांनी पाणी मागितलं. बाईंनी डबा उघडून भाकरी काढली, अर्धी मोडली आणि अर्ध्या भाकरीत पाव भाकरी किती डाव बसते ते पोरांकडूनच मोजून घेतलं. तेवढ्या एका भाकरीत सगळ्या वर्गाला भागाकार कळला. साहेब दिलदार निघाले, शेरेबुकात चांगलं लिहून गेले. ते गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "माणूस चांगला हाय. अर्धे मार्क द्यायला हरकत न्हाई."

ह्या खोडीचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचा आजा बोरीकडचा. गावच्या विहिरीवर त्याला पाणी शेंदू देत नसत. त्यानं विचारलं, कामून? तर म्हणे, रीत आहे. त्यानं दहा जणांना विचारलं, दहाही जणांनी रीतच सांगितली. "मंग छप्पन साली त्यानं दीक्षा घेतली," बाई म्हणाल्या. "रीत हाय म्हणणाऱ्याला कारण ठावं नसतं, येवढं त्याला कळलं व्हतं. त्यानं विचारलं न्हसतं, तर आज माझ्या हातात खडू न्हसता." त्यानंतर मी त्यांच्या कामूनची थट्टा करणं सोडलं.

बाईंचे मालक किसनराव रेल्वेत कीमन होते. कीमन म्हणजे खांद्यावर हातोडा घेऊन रोज रुळाच्या कडेनं मैलोनमैल चालायचं आणि ढिल्या झालेल्या चाव्या ठोकून बसवायच्या. उंच, काळा, कमी बोलणारा माणूस. बाईंना ते 'मास्तरीण' म्हणायचे आणि लोकांत म्हणताना थोडे लाजायचे. लेक नांदेडला कॉलेजात होती तेव्हा तिला सोडायला ते स्टेशनवर जायचे आणि प्लॅटफॉर्म तिकीट काढायचे. तिकीट खिडकीतला माणूस हसायचा, "अहो किसनराव, घरच्याच गाडीला तिकीट?" किसनराव म्हणायचे, "आज ड्युटीवर न्हाई म्या." ह्या उत्तराला बाईंनी पूर्ण मार्क दिले होते, असं त्या स्वतः सांगायच्या.

पगाराच्या दिवशी दोघांचे पैसे एकाच स्टीलच्या डब्यात पडायचे. पुढं पगार बँकेत जमा व्हायला लागला, तरी किसनराव घरखर्चाचे पैसे काढून आणायचे आणि त्याच डब्यात टाकायचे, दोघांचे मिसळून. बाईंचा पगार त्यांच्यापेक्षा जास्त होता. कुणी खोचकपणे विचारलं, की डब्यात कुणाचे किती, तर किसनराव म्हणायचे, "डब्याला इचारा." हा डबा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढं सगळं अडलं ते त्या डब्यापाशीच.

पूर्णा म्हणजे जंक्शन, निम्मं गाव रेल्वेत. किसनरावांच्या नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली असताना रेल्वे कॉलनीतल्या चहाच्या टपरीवर एक माणूस लॅपटॉप घेऊन बसायला लागला. लोक त्याला रिफंडवाला म्हणायचे. पॅनकार्ड दाखवायचं, मोबाईलवर आलेला नंबर सांगायचा, की महिन्याभरात खात्यावर पैसे. दहावा हिस्सा त्याचा. पैसे कशाचे, ते कुणी विचारलं नाही. रिफंड म्हणजे सरकार खूश होऊन देतं तो बोनस, असं रुळावरच्या कामगारांच्या सगळ्या गँगनं आपसात ठरवून टाकलं होतं. किसनरावांनाही दोन वर्षं लागोपाठ पैसे आले. उन्हाळ्याचे दिवस होते, पत्र्याचं घर तापून निघालं होतं. पैसे आले त्याच दिवशी ते ऑटोत घालून कूलर घेऊन आले.

"कशाचे पैसे ओ?" बाईंनी विचारलं.

"सगळ्या गँगला भेटले."

आणि बाई गप्प बसल्या. आयुष्यात एकदा बाईंनी कारणाशिवायचं उत्तर चालवून घेतलं ते हे. कूलरचा गार वारा अंगावर येत होता, एवढंच त्यांना आठवत होतं.

दोन वर्षांनी नोटीस आली. बाईंनी इंग्रजी नोटीस ओळीओळीनं मराठीत उतरवून काढली, वहीत, सुवाच्य. रिफंडवाल्यानं किसनरावांच्या नावानं करात सूट मागितली होती. अवलंबित दिव्यांग व्यक्ती: पत्नी. दिव्यांगत्व: ऐंशी टक्के. आणि खाली खात्यानं विचारलं होतं, की पत्नी स्वतः पगारदार व स्वतंत्र करदाती असताना ती अवलंबित कशी, ह्याचा खुलासा करावा.

रिफंडवाला तोवर पूर्णेतून नाहीसा झाला होता. बाईंनी फंडातून पैसे काढले. राहिलेला कर, त्याच्यावरचं व्याज, वरचं जे काही होतं ते, सगळं महिन्याभरात भरून टाकलं. प्रकरण मिटल्याचा कागदही आला. पण किसनरावांच्या डोक्यातलं प्रकरण मिटलं नाही. ते बाईंच्या धडधाकट हातापायांकडं बघत बसायचे. "मास्तरीण, म्या तुला कागदावर लुळी केलं," म्हणायचे. दारात मोटरसायकल थांबली, की इन्कम टॅक्सचा साहेब आला म्हणून उठून उभे राहायचे. रिटायर झाले, सत्काराचा हार अजून खुंटीवर होता, आणि एका सकाळी दात घासता घासता कोसळले. उजवं अंग गेलं. वाचाही गेली.

सगळी नाही गेली. एक शब्द राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, सगळी भाषा पुसली जाते आणि एखादाच शब्द उरतो. किसनरावांचा शब्द होता, 'भरतो'.

चहा देऊ का? भरतो. कूस बदलायची का? भरतो. नांदेडहून लेक आली आणि गळ्यात पडून रडली, तिलाही भरतो. शब्द एकच, पण त्याचे सूर बाईंना ओळखू यायला लागले होते. मात्र दारात मोटरसायकल वाजली की तो नुसता शब्द राहायचा नाही. डावा हात कपाळाशी नेऊन, डोळे मोठे करून ते घाईघाईनं म्हणत सुटायचे, भरतो, भरतो, भरतो, आणि घामानं उशी भिजायची. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा माझ्या गाडीनंच हे झालं. त्यानंतर मी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशीच गाडी बंद करायचो आणि पायी जायचो. कूलर कोपऱ्यात चादर झाकून ठेवलेला असायचा. भर उन्हाळ्यातही तो कुणी लावला नाही.

वर्षभरात बाईही रिटायर झाल्या. दोघांच्या पेन्शनवर पहिल्यांदा रिटर्न भरायची वेळ आली, तेव्हा बाई मला म्हणाल्या, "देवकते, संगं चला. मला येकटीला भ्या वाटायलंय." बाईंच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

पॅसेंजरनं परभणीला गेलो. तिथं एक तरुण सीए मॅडम होत्या, स्वभावानं चांगल्या. त्यांनी अर्ध्या तासात दोन कागद छापून पुढं ठेवले. किसन खंदारे, देय कर शून्य. विमल खंदारे, देय कर शून्य. मी म्हणालो, चला, सुटलो! बाईंचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"शून्य कामून?"

"सॉफ्टवेअरमध्ये तसंच येतंय ना मॅडम."

"त्यानं बी लॅपटॉपच दाखवला व्हता," बाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून वही काढली. घरून सगळं करून आणलं होतं. त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर माफ होता. बाईंनी दोघांच्या पेन्शनची बेरीज केली होती, पेन्शनवाल्याला मिळते ती पन्नास हजारांची सूट वजा केली होती, तरी आकडा सात लाखांच्या वर जात होता. मग शून्य कसं?

"पण तुमचं दोघांचं वेगवेगळं धरतात ना."

"कामून? पोरायचे स्कॉलरशिपचे फॉर्म तीस वर्षं म्या भरले. उत्पन्नाच्या दाखल्यावर आई-बापाचं येकत्र. रेशनकार्ड येक, चूल येक, पगाराचा डबा येक. मंग इन्कम टॅक्सलाच दोघं वायले कामून?"

"नियमच आहे मॅडम तसा."

पुढचं वाक्य मला पाठ होतं, पण बाईंनी ते म्हटलं नाही. त्यांनी वही मिटली, कागद सही न करता तिथंच ठेवले आणि उठल्या.

"बाई, नोकरीत असताना तुमचा कर वेगळाच कापायचे की," मी जिन्यात म्हणालो.

"दोन हापिसं व्हती, दोघं कापणारे. म्या कापणाऱ्याला कारण इचारलंच न्हाई कधी."

स्टेशनवर गाडीला उशीर होता. बाकावर बसल्या बसल्या बाईंना रडू कोसळलं. लोक बघत होते. गणिताची बाई रडताना कशी दिसते हे मला माहीत नव्हतं, आणि ते बघावं लागलं म्हणून मला फार वाईट वाटलं. "ह्या शून्यावर सही केली आन् उद्या परत नोटीस आली तर हे जगत न्हाईत, देवकते. येकदाच कामून म्हणले न्हाई, तर काय झालं बघा. आता परत डोळे झाकून सही करू?" मी म्हणालो, सीए मॅडम शिकलेल्या आहेत, खोटं कशाला सांगतील. बाई म्हणाल्या, "मला खरं-खोटं नको. मला कारण पायजे. घरी जाऊन त्यायला सांगायचंय, की आपल्याला काही भरायला लागत न्हाई. ते कामून म्हणले तर?"

ते कामून म्हणू शकत नव्हते, हे मी बोललो नाही.

असे आम्ही परभणीला तीन खेपा घातल्या. रिटर्नची मुदत जवळ येत चालली. इकडं किसनरावांचं खाणं कमी झालं. घास पुढं केला की भरतो म्हणायचे आणि तोंड फिरवायचे. पावसानं ओढ दिली होती, घर भट्टीसारखं तापायचं, बाई एका हातानं वारा घालत दुसऱ्या हातानं वही चाळायच्या. बाईंची गालफाडं दिसायला लागली.

आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत बाई शाळेत येऊन उभ्या. घामाघूम, चप्पल एका पायातली तुटलेली. मला ओढतच रिकाम्या सहावीच्या वर्गात नेलं, फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली आणि पिशवीतून ती जुनी नोटीस काढली.

"वाचा. त्यायनं आपल्याला धरलं कशापायी?"

मी वाचलं. "पत्नी स्वतंत्र करदाती असताना..."

"तिथंच थांबा. मी वायली करदाती हाय, ह्यांच्यावर अवलंबून न्हाई, म्हणून चोरी सापडली. हाय ना? मंग धरायच्या वक्ताला मी वायली, तर सोडायच्या वक्ताला बी वायलीच ऱ्हाणार. कायद्याला नवरा-बायको दिसतच न्हाईत, देवकते. त्याला दोन माणसं दिसतेत. माणूस कमावतं, तर कर माणसावर. घरावर न्हाई, चुलीवर न्हाई. माफी दर माणशी. ह्यांची पेन्शन माफीच्या आत, माझी बी माफीच्या आत." त्यांनी रेघेच्या डावीकडं एक शून्य काढलं, उजवीकडं एक. मग हसायला लागल्या. "बेरजेचं चिन्ह माझं मीच घातलं व्हतं! सरकारनं दिलंच न्हवतं."

इतकी आनंदलेली बाई मी नोकरीत कधी पाहिली नव्हती. त्यांनी माझ्या हातात खडू दिला आणि विचारलं, "किती मार्क?"

"पूर्ण," मी म्हणालो. आणि फळ्यावर तसं लिहिलंही.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. किसनरावांना सांगायचं होतं, आणि साक्षीला कुणीतरी हवं होतं. खाटेवर त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. दाढी केलेली, सदरा धुतलेला. वर भिंतीवर बुद्धाची तसबीर. बाईंनी मांडीवर दोन पाट्या ठेवल्या. एकीवर लिहिलं, किसन. दुसरीवर विमल. खाली मोठी शून्यं काढली.

"ओ, इकडं बघा. आपल्याला कर न्हाई. आपण चोर न्हाई. सरकारनं आपल्याला वायलं धरलंय. तुमी वायले, मी वायली, म्हणून..."

वायलं. आमच्याकडं भाऊ वाटण्या करतात तेव्हा वायले निघतात. सून भांडून चूल मांडते तेव्हा वायली होते. बाईंच्या तोंडून तो शब्द गणिताचा म्हणून आला होता. किसनरावांनी तो घरातला म्हणून ऐकला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. मग डावा हात पुढं आला आणि त्यांनी बाईंचा पदर मुठीत गच्च धरला. "भरतो," ते म्हणाले. "भरतो. भरतो." डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मूठ सोडून त्यांनी बाईंची पाटी ओढली आणि धडपडत आपल्या पाटीवर पालथी नेऊन ठेवली. दोन्ही शून्यं झाकली गेली.

बाईंनी पाट्या पुन्हा वेगळ्या केल्या. किसनरावांनी पुन्हा एकीवर एक ठेवल्या. वायलं होण्यापेक्षा कर भरलेला परवडला, असंच तो माणूस सांगत होता, आणि त्याच्यापाशी सांगायला शब्द एकच होता. मला तिथं बसवेना.

बाईंनी रिटर्नवर सह्या केल्या, ते काम झालं. पण घरातलं काम होईना. त्यांनी शब्द बदलून बघितले. येगळं म्हणून बघितलं, अलग म्हणून बघितलं, शेजारच्या खालाकडून जुदा हा शब्दही उसना आणला. कुठल्याही शब्दानं सांगा, किसनराव पदर धरायचे आणि रडायचे. खरं कारण सांगितलं की माणूस जास्तच खंगत होता. महिनाभरानं ते पेजेच्या पाण्यावर आले. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा.

तेव्हा एका रविवारी बाई माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत. "देवकते, तुमचं अक्षर चांगलं हाय. येक पावती लिहून द्या."

"कशाची?"

"कर भरल्याची. पण खोटं येक अक्षर नको."

मला काही उमजेना. बाईंनी उभ्याउभ्या मजकूर सांगितला आणि मी लिहिला. श्री. किसन व सौ. विमल खंदारे. दोघांचा मिळून आयकर. रक्कम: निरंक. बाकी: निरंक. शाळेच्या अहवालात ज्या रकान्यात काहीच नसतं तिथं आम्ही आयुष्यभर निरंक लिहीत आलो होतो; पावतीत तो शब्द मी पहिल्यांदा लिहीत होतो.

"रक्कम मिळाली, असं लिहू?"

"निरंक मिळालं का न्हाई सरकारला? मिळालं. मंग लिहा."

"आणि कारण?" मी विचारलं. थट्टा नव्हती, अकरा वर्षांची सवय होती. "खाली जागा आहे."

बाईंनी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "कारण ऱ्हाऊ द्या."

त्यांनी पर्समधून आपला जुना रबरी शिक्का काढला, वह्यांवर मारायचा, 'तपासले' असा, आणि पावतीवर दाबून उठवला. मग मला गाडी थेट दारापर्यंत वाजवत आणायला सांगितली. मी तसं केलं. आत घाईघाईचं भरतो, भरतो सुरू झालं. मी आत गेलो आणि काही न बोलता पावती त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. दोन्ही नावं एका ओळीत होती. अंगठा शिक्क्यावरून फिरला. रेल्वेतला माणूस, शिक्का ओळखतो.

"भरलं," ते म्हणाले.

स्वच्छ म्हणाले. मग एकाच हातानं, छातीवर धरून, पावतीची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात सरकवली. त्या दुपारी त्यांनी वाटीभर खिचडी खाल्ली आणि गाढ झोपले. बाई चुलीपाशी बसून तोंडात पदर कोंबून रडत होत्या. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पुढं दोन महिन्यांनी किसनराव गेले तेव्हा मी ट्रेनिंगला बाहेरगावी होतो. परत येईपर्यंत लेक बाईंना नांदेडला घेऊन गेली होती आणि दाराला कुलूप होतं. त्यामुळं माझ्या लेखी बाईंची शेवटची भेट म्हणजे त्याआधीची, दिवाळीनंतरची.

सकाळची वेळ होती. मी सवयीनं गिरणीपाशी गाडी लावून गेलो. किसनराव उताणे, शांत, आढ्याकडं बघत पडले होते. घाम नाही, भीती नाही, डावा हात खिशावर. चेहरा इतका निवांत मी त्यांच्या नोकरीतही पाहिला नव्हता. बाई उशाशी बसल्या होत्या.

"कसे आहेत?"

"बोलत न्हाईत," बाई म्हणाल्या. "त्या दिवसापासून येक शब्द न्हाई. भरतो न्हाई, भरलं न्हाई. चहाला न्हाई, लेकीला न्हाई. त्यायच्याजवळ येकच शब्द व्हता, देवकते. मी तो बी पुसून टाकला."

मी म्हणालो, पण बाई, भीती तर गेली. त्यांनी ऐकलं नाही.

"गाडी कुठं लावली?"

"गिरणीपाशी."

"आणा हिकडं. दारात आणा. चालू करून."

मी गेलो, गाडी वाजवत दारात आणली. उघड्या दारातून खाट दिसत होती. बाई त्यांच्या तोंडाशी कान नेऊन वाकल्या होत्या. त्यांनी मला हातानं खूण केली, अजून. मी रेस दिली. गिरणीवरची माणसं बघायला लागली. अजून. धूर घरात जायला लागला. किसनराव आढ्याकडंच बघत होते.

"म्हणा ना ओ," बाई म्हणत होत्या. "भरतो म्हणा. येक डाव म्हणा. साहेब आलाय बघा."

माझ्यानं बघवेना. मी चावी फिरवली आणि गाडी बंद केली. एकदम शांत झालं. आतून बाईंचा आवाज आला, "देवकते, बंद कामून केली?"

मला कारण सांगता आलं नाही. मी गाडी पुन्हा चालू केली.